लुई बार्तास याच्या एकोणीस वह्या : अस्सल कागद कीं बखर?

फ्रान्सच्या दक्षिण भागांत ओद नांवाचा जिल्हा आहे. त्यांतील पेरियाक-मिनेर्व्हुआ या द्राक्षमळ्यांच्या गांवीं लुई बार्तास (१८७९–१९५२) हा गृहस्थ मद्य भरण्याचीं लाकडी पिंपें करून चरितार्थ चालवीत असे. १९१४ च्या ऑगस्टांत पहिलें महायुद्ध सुरू झालें तेव्हां त्याचें वय ३५ वर्षांचें होतें. घरीं पत्नी व दोन मुलगे होते. लष्करांत त्याचा हुद्दा कॉर्पोरलचा, म्हणजे आपल्याकडील पलटणींच्या भाषेंत नाइकाचा. आर्त्वा, व्हेर्दूं, सोम या रणक्षेत्रांवरून तो हिंडला, १९१८ च्या एप्रिलांत अगदीं शक्तिहीन होऊन रुग्णालयांत गेला, आणि १९१९ च्या फेब्रुवारींत मोकळा होऊन घरीं परतला. मग आपला धंदा संभाळून त्यानें शाळकरी मुलांच्या १९ वह्यांत ही सारी हकीगत शाईनें उतरून काढली व जागोजागीं चित्रांचीं पोस्टकार्डें चिकटविलीं. १९७८ सालीं रेमी काझाल्स या इतिहासाध्यापकांच्या प्रस्तावनेसह त्या पॅरिस येथील मास्पेरो यांनीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केल्या. पुढें १९९८ सालीं डच भाषेंत व २०१४ सालीं एडवर्ड स्ट्रॉस यांच्या हातून इंग्रजींत त्यांचीं भाषांतरें झालीं. प्रस्तुत परीक्षण या इंग्रजी भाषांतरावरून केलें आहे.

परदेशांतील एका पिंपवाल्याच्या वह्यांशीं आमच्या वाचकांस काय कर्तव्य, असें कोणी विचारील. कर्तव्य आहे, आणि तें निकटचें आहे. ज्या प्रश्नावर आपल्या संशोधकांनीं सव्वाशें वर्षें लेखण्या झिजविल्या तोच प्रश्न या वह्यांनीं पुन्हां उभा केला आहे. शिवाय या वेळीं लिहिणारा कारकून नाहीं, चिटणीस नाहीं, सरदाराचा आश्रित नाहीं. तो हातांनें काम करून पोट भरणारा कुटुंबवत्सल मनुष्य आहे. अशा मनुष्याचें युद्धकालीन जीवन त्याच्याच अक्षरांत हातीं लागण्याचा योग किती दुर्मिळ, हें दप्तरें चाळणाऱ्यांस सांगावयास नको.

राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड काढला. त्यांत पानिपतच्या काळचीं पत्रें पुढें मांडून त्यांनीं बखरींच्या चुका उघड्या केल्या. तेव्हांपासून समकालीन अस्सल पत्र तें प्रमाण आणि मागाहून रचलेली बखर ती संशयित, हा दंडक आपल्याकडे रूढ झाला. दंडक योग्यच आहे. नैयायिकहि ज्ञानाचे अनुभव व स्मृति असे दोन प्रकार मानतात आणि स्मृतीस प्रमेच्या पंक्तीला बसवीत नाहींत. आतां या दंडकानें बार्तासच्या वह्या मोजल्या तर काय होतें? त्या युद्ध संपल्यावर लिहिलेल्या आहेत. लेखक समाजवादी पक्षाचा, जोरेसचा अनुयायी, शेतमजुरांचा संघ स्थापण्यांत भाग घेतलेला. म्हणजे त्यास एक मत आहे, आणि तें जगास पटवून द्यावयाचें आहे. तेव्हां ही बखरच, आणि तीहि पक्षपाती, असा निकाल झटकन् देतां येतो.

हा निकाल मला मान्य नाहीं. त्याचप्रमाणें ‘तो स्वतः खंदकांत होता, म्हणून त्याचें अक्षर न् अक्षर प्रमाण’ हा उलट पक्षहि मान्य नाहीं. दोन्ही पक्ष या वह्यांस एकजिनसी समजतात. आणि त्या तशा नाहींत.

आपल्याकडील एक दाखला घेतला म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. वरसईचे विष्णुभट गोडसे हे कुटुंबाच्या कर्जाचें ओझें हलकें करावें म्हणून उत्तर हिंदुस्थानांत गेले आणि १८५७ च्या धामधुमींत सांपडले. परत आल्यावर कित्येक वर्षांनीं त्यांनीं ‘माझा प्रवास’ लिहिला. चिंतामणराव वैद्यांनीं तो १९०७ सालीं आपल्या हातानें फेरफार करून छापला. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आलें, आणि दत्तो वामन पोतदारांनीं मूळाबरहुकूम पाठ १९६६ सालीं प्रसिद्ध केला. म्हणजे जवळजवळ ६० वर्षें मराठी वाचक ज्यास गोडसे भटजी समजत होता त्यांत कांहीं अंशीं वैद्य होते. गोडशांनीं लिहिलें तें मुख्यतः स्मरणावरून. बार्तासची गोष्ट येथें वेगळी आहे. त्याच्याजवळ युद्धांत केलेलीं टिपणें होतीं, घरीं धाडलेलीं पत्रें होतीं; त्यांवरून त्यानें शुद्ध प्रत केली. गोडशांच्या ग्रंथांत दुसरा हात संपादकाचा आहे. बार्तासच्या ग्रंथांतहि दुसरा हात आहे, पण तो त्याचा स्वतःचाच, युद्धानंतरचा हात होय. खंदकांतला बार्तास हा मूळ लेखक आणि घरीं परतलेला बार्तास हा त्याचा लेखनिक, टीकाकार व संस्कर्ता, असें समजून वाचावयास लागलें म्हणजे या १९ वह्यांचें स्वरूप उलगडूं लागतें.

या दोन थरांची पारख करणें फारसें कठीण नाहीं. पहिल्या थरांत तारीख, मुक्काम, किती कोस चाल झाली, शिधा केव्हां पोंचला, कोण पडला, पाऊस कसा लागला हें येतें. वाक्यें तुटक, नांवें पुष्कळ. दुसऱ्या थरांत वाक्य लांबतें, उपरोध चढतो, सेनापतींस व घरबसल्या देशभक्तांस उद्देशून वक्तृत्व सुरू होतें. बार्तास लहानपणीं प्राथमिक शाळेच्या प्रमाणपत्र-परीक्षेंत आपल्या विभागांत पहिला आला होता, आणि हें वक्तृत्व त्या शाळेचें आहे. शिक्षकानें घोटून घेतलेला निबंध, त्यांतील पुराणकथांचे दाखले, शेवटीं येणारें उद्गारचिन्ह; ज्यानें आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या त्यास तो वास दुरूनहि येतो. यांत बार्तासची निंदा नाहीं. शाळेनें दिलेली भाषा त्यानें अशा कामास लावली कीं त्या शाळेच्या चालकांस तें स्वप्नांतहि सुचलें नसतें. परंतु परीक्षकानें ही भाषा केव्हांची हें विचारलेंच पाहिजे.

पहिल्या थराची कसोटी बाहेरूनहि लावतां येते. फ्रेंच सैन्यांतील प्रत्येक पलटणीचा रोजनामा ठेवला जात असे. ते रोजनामे पॅरिसजवळील व्हँसेन येथील लष्करी दप्तरखान्यांत असून त्यांच्या प्रतिमा आतां कोणासहि घरबसल्या पाहतां येतात. तारखा व मुक्काम यांचा ताळा त्यांवरून घालतां येतो, आणि या बाबतींत काझाल्स यांचा अभिप्राय बार्तासास अनुकूल आहे. पण रोजनामा लिहिणारा अधिकारी असतो. जें वरिष्ठांच्या नजरेस पडूं नये तें तो लिहीत नाहीं. अशा ठिकाणीं केवळ ताळ्यानें भागत नाहीं. अंतर्गत परीक्षाच करावी लागते.

याचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९१५ च्या डिसेंबरांतलें. आर्त्वा प्रांतांत नव्हील-सँ-व्हा या गांवाजवळ अतिवृष्टीनें दोन्ही बाजूंचे खंदक पाण्यानें भरले. आंत राहिलें तर बुडून मरण, बाहेर आलें तर गोळीनें. १० डिसेंबरास दोन्ही सैन्यांतील शिपाई बाहेर आले, समोरासमोर उभे राहिले, आणि कोणीहि गोळी झाडली नाहीं. हातांत हात दिले गेले. एका धिप्पाड जर्मनानें उंचवट्यावर चढून भाषण केलें व आपली बंदूक झाडाच्या बुंध्यावर आपटून मोडली, असें बार्तास सांगतो. त्याचे शब्द फ्रेंच शिपायांस कळले नाहींत. बंदूक मोडलेली कळली. पुढें बार्तास म्हणतो कीं, कोण जाणे, एखाद्या दिवशीं या जागीं या बंधुभावाचें स्मारक उभें राहील.

हा मजकूर आज सर्वतोमुखीं झाला आहे. २०१५ च्या डिसेंबरांत नव्हील-सँ-व्हा येथें असें स्मारक खरोखरच उभें राहिलें आणि फ्रान्सच्या अध्यक्षांनीं, ओलांद यांनीं, तें उघडलें. त्यामुळें या परिच्छेदास भविष्यवाणीचें तेज आलें आहे. परीक्षकानें तें तेज क्षणभर बाजूस ठेवावें. पाणी, चिखल, कोसळणाऱ्या भिंती, बाहेर येण्याची सक्ति, बंदूक मोडण्याचा प्रसंग, हा सारा पहिला थर आहे. त्या पावसाळी दिवसांत त्याच भागांत शत्रु शत्रूस असा भेटल्याचें इतर साक्षीदारांनींहि लिहून ठेविलें आहे. स्मारकाची इच्छा मात्र, माझ्या मतें, दुसऱ्या थरांतील होय. युद्ध संपल्यानंतर १९२० च्या सुमारास फ्रान्समधील गांवोगांव मृत सैनिकांचीं स्मारकें उभीं राहत होतीं; जवळजवळ एकहि गांव त्यावांचून राहिलें नाहीं. शुद्ध प्रत करणारा बार्तास तीं पाहत होता. मेलेल्यांचें स्मारक सर्वत्र होतें, न मारणाऱ्यांचें कां होऊं नये, हा प्रश्न चिखलांत कुडकुडणाऱ्या नाइकापेक्षां आपल्या चौकांत दगड बसवितांना पाहणाऱ्या पिंपवाल्यास सुचणें अधिक संभवनीय आहे. असें म्हटल्यानें त्या वाक्याची किंमत उतरत नाहीं. तें १९१५ चा पुरावा राहत नाहीं, युद्धानंतरच्या एका माजी शिपायाच्या मनाचा पुरावा होतें. दोन्ही पुरावे हवेतच. फक्त एकाच्या जागीं दुसरा वापरूं नये.

याउलट १९१७ च्या बंडाळीचा मजकूर पाहावा. एप्रिलांतील मोठी चढाई फसल्यावर फ्रेंच सैन्यांत ठिकठिकाणीं अवज्ञा सुरू झाली. पुढें लष्करी न्यायालयांनीं ५०० हून अधिक देहदंड फर्माविले, जरी त्यांतील फारच थोडे अंमलांत आले. बार्तासची पलटण त्या वेळीं दोकूर या गांवीं होती. शिपायांनीं रशियाच्या धर्तीवर आपलें मंडळ नेमण्याचें ठरविलें आणि अध्यक्षपद त्यास देऊं केलें. त्यानें तें नाकारलें. मात्र रजा लांबणीवर टाकल्याबद्दल तक्रारीचा मसुदा मात्र त्यानेंच लिहून दिला. शुद्ध प्रत करतांना स्वतःस बंडाचा पुढारी म्हणून रंगविणें त्यास सहज शक्य होतें; त्याचे राजकीय मित्र त्याबद्दल त्याची पाठ थोपटते. त्यानें नकारच लिहून ठेविला. स्वतःच्या कीर्तीस उणें आणणारें विधान जो लेखक कायम ठेवतो त्याच्यावर त्या जागीं विश्वास ठेवावा, हा नियम आपण बखरींसहि लावतों.

आणि त्या तक्रारीचा विषय पाहा. तहाच्या अटी नाहींत, मजुरांचें राज्य नाहीं. विषय रजेचा आहे. रजा १९१५ च्या जुलैपासून कोठें सुरू झाली. तोंपर्यंत सुमारे वर्षभर खंदकांतील गृहस्थानें घर पाहिलेंच नव्हतें. पुढें रजा मिळत असे ती मोजक्या दिवसांची, आणि पुष्कळदां चढाईच्या निमित्तानें रद्द होणारी. बार्तासाच्या प्रांतास युद्धापूर्वींचा इतिहास आहे. १९०७ सालीं द्राक्षमळेवाल्यांच्या उठावांत नार्बोन येथें सैन्यानें लोकांवर गोळ्या झाडल्या आणि बेझिए येथील १७ व्या पलटणीनें हुकूम मोडला. तेथील मनुष्यास बंड म्हणजे काय हें ठाऊक होतें. तरी त्यानें लेखणी उचलली ती घरीं जाण्याच्या हक्कासाठीं. बायकोमुलें असलेल्या शिपायाचें राजकारण तें हेंच, असें या प्रकरणावरून वाटूं लागतें.

येथें या ग्रंथांतील मोठी उणीव सांगितली पाहिजे. ती उणीव संपादकाची नव्हे, लेखकाचीहि पुरतेपणीं नव्हे; ती शुद्ध प्रतीची आहे. बायको व मुलगे या वह्यांत फार थोड्या ठिकाणीं येतात. युद्धांत त्यांचें कसें चाललें, पिंपांचें दुकान बंद पडल्यावर चूल कशी पेटली, याचें उत्तर येथें शोधावयास गेलें तर हातीं फारसें लागत नाहीं. सरकारी कायदा मात्र आपणांस माहीत आहे. ५ ऑगस्ट १९१४ च्या कायद्यान्वयें लढाईस गेलेल्यांच्या गरजू कुटुंबांस रोज सव्वा फ्रँक आणि १६ वर्षांखालील प्रत्येक मुलामागें अर्धा फ्रँक असा भत्ता ठरला. दोन मुलांच्या आईस तो मंजूर झाला तर रोज सव्वादोन फ्रँक. स्वतः शिपायास आरंभीं रोज पांच सेंटिम, म्हणजे एक ‘सू’, मिळत असे. १९१५ च्या उत्तरार्धांत ते २५ झाले. कारागिराची जी घरांत येणारी मजुरी थांबली तिच्या जागीं हे आंकडे ठेवून पाहावे म्हणजे त्या घराची कल्पना येते.

असें कां झालें असावें? पत्रांस संबोधन असतें. ‘प्रिय’ असें लिहून मनुष्य घरच्या माणसाशीं बोलतो, मुलाच्या शाळेची चौकशी करतो, मळ्याच्या छाटणीविषयीं विचारतो, पैसे मिळाले कीं नाहीं तें पुसतो. बार्तासनें तीं पत्रें शुद्ध प्रतीसाठीं साधन म्हणून वापरलीं, तेव्हां त्यांतील युद्धाचा मजकूर घेतला. संबोधन गळलें, आणि त्याबरोबर जिला तें संबोधन होतें तीहि गळली. पत्राची बखर होतांना काय हरवतें याचा याहून बोलका दाखला मला ठाऊक नाहीं. आपल्या साधनखंडांतहि संपादकांनीं ‘बाकी मजकूर घरगुती असल्यानें गाळला’ अशी टीप घालून अनेक पत्रें छाटलीं आहेत. त्या गाळलेल्या मजकुरांत तूप, लुगडें, मुलाची मुंज आणि सावकाराचा तगादा होता. पानिपतावर गेलेला शिलेदार कोणत्या घरांतून गेला हें कळण्याचा तोच एक मार्ग होता.

फ्रान्समध्यें या वह्यांवरून झालेला वाद वेगळ्या दिशेनें गेला. १९९२ सालीं पेरोन येथें महायुद्धाचें संग्रहालय स्थापन झालें, व त्याच्याशीं संबद्ध पंडितांनीं, विशेषतः ओद्वाँ-रूझो व आनेत बेकेर यांनीं २०००च्या ग्रंथांत, शिपाई लढले ते बव्हंशीं स्वखुशीनें, असा पक्ष मांडला. काझाल्स व फ्रेदेरिक रूसो यांनीं २००१ सालीं त्यास विरोध करून सक्तीवर भर दिला. एका पक्षानें बार्तास पुढें करावा, दुसऱ्यानें तो समाजवादी असल्यानें प्रातिनिधिक नाहीं म्हणून बाजूस सारावा, असें पुष्कळ चाललें. माझ्या समजुतीप्रमाणें प्रातिनिधिकतेच्या या गलबल्यांत पाठाचा प्रश्न मागें पडला. सुमारे ८० लक्ष माणसें फ्रान्सनें रणांगणावर धाडलीं. त्यांतील एक मनुष्य सर्वांचा प्रतिनिधि कसा होईल? त्याच्याकडून तशी अपेक्षाच करूं नये. या बाबतींत जाँ नॉर्तों क्र्यू यांची जुनी पद्धति मला अधिक शास्त्रीय वाटते. ते स्वतः खंदकांत राहिलेले शिक्षक होते. १९२९ सालीं त्यांनीं सुमारे २५० साक्षीदारांचे सुमारे ३०० ग्रंथ एकेक करून तपासले. लेखक कोठें होता, केव्हां होता, त्यानें स्वतः काय पाहिलें, हें आधीं ठरवून मग गुणदोष सांगितले. त्यांच्या साक्षीदारांत शिक्षक, वकील, विद्यार्थी यांची दाटी आहे. हातकामाचा मनुष्य फारसा नाहीं, कारण त्याचें छापलें कोणीं? बार्तासच्या वह्या त्या वेळीं पेरियाकला होत्या.

इंग्रजी भाषांतर सुगम आहे. मात्र त्याच्या नांवाविषयीं एक शब्द लिहिला पाहिजे. फ्रेंच ग्रंथाच्या नांवांत लेखकाच्या नांवापुढें ‘पिंपें करणारा’ एवढीच ओळख आहे, आणि डच भाषांतरानेंहि ती तशीच राखली. इंग्रजीनें मुख्य नांव ‘प्वाल्यू’ असें ठेविलें. हें फ्रेंच शिपायांचें टोपणनांव, अर्थ ‘केसाळ’. धंदा खालच्या ओळींत गेला, आणि त्याच्या अगोदर ‘कॉर्पोरल’ येऊन बसलें. विक्रीच्या दृष्टीनें तें सोयीचें असेल. पण ज्या मनुष्यानें धोक्याच्या जागीं माणसें लोटण्याचें नाकारल्यामुळें आपल्या हुद्द्याच्या फिती कांहीं काळ गमावल्या, त्याच्या ग्रंथावर धंद्याआधीं हुद्दा छापणें मला उचित वाटत नाहीं.

आतां आपल्या घराकडे. १९१४–१५ च्या हिवाळ्यांत बार्तास व्हेर्मेलच्या बाजूस होता, तेव्हां तेथून थोड्याच कोसांवर हिंदी सैन्य लढत होतें. १९१५ च्या मार्चांत न्यूव्ह-शापेलची लढाई झाली ती याच मुलुखांत. त्या हिंदी शिपायांचीं पत्रें लष्करी तपासनीसांनीं उघडलीं, त्यांतील उतारे इंग्रजींत करून अहवालांस जोडले, आणि ते अहवाल लंडनला राहिले. डेव्हिड ओमिसी यांनीं १९९९ सालीं त्यांतून निवडक उतारे छापले आहेत. संग्रह मोलाचा आहे, पण हा तिसराच प्रकार झाला: मजकूर समकालीन, भाषा परकी, निवड तपासनिसाची, आणि मूळ लिहिणाराहि पुष्कळदां स्वतः शिपाई नसून त्याच्यासाठीं लिहून देणारा सोबती. मराठी पलटणींचा मोठा भाग तर मेसोपोटेमियांत होता. १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यांत सांपडल्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं शहर शत्रूच्या स्वाधीन झालें. साताऱ्याकडील आपशिंग्यासारख्या गांवीं त्या युद्धांत गेलेल्यांच्या स्मरणार्थ दगड उभे आहेत. दगडावर संख्या असते. त्या गांवकऱ्यांचीं हस्ताक्षरें कोठें आहेत?

कांहीं निश्चित असलीं पाहिजेत. टपालाच्या तिकिटांचे व शिक्क्यांचे संग्राहक १९१४ ते १९२० मधील लष्करी टपालाचीं पाकिटें हौसेनें जमवितात, व आंतील कागद वेगळा काढून टाकतात, असें मीं पाहिलें आहे. ज्यांच्या संग्रहीं अशीं मराठी पत्रें, मनीऑर्डरीच्या पावत्या किंवा पेन्शनचीं पुस्तकें असतील त्यांनीं पाकीट व पत्र एकत्र ठेवावें, घरगुती मजकुरासकट पुरी नक्कल करावी, आणि नकलेवर तीन गोष्टी नोंदवाव्या: पत्र शिपायाच्या हातचें कीं दुसऱ्याच्या, तें कोणत्या घरांतून मिळालें, आणि नक्कल कोणीं व कोणत्या साली केली.